जप्त केलेले आंबे पुरले, यात चुकलं काय?

आढीवाला: परवा इथे कुणीतरी लिहिलं की अन्न व औषध प्रशासनाने कार्बाइडने पिकवलेले आंबे खड्ड्यात पुरण्यापेक्षा अनाथाश्रमात वाटायला हवे होते. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. जो आंबा स्वतःच्या पोराला देणार नाही, तो अनाथ पोरांनी खायचा? पेटीच्या तळाशी कागदाची पुडी असते, आत राखाडी खडे. तेच कार्बाइड. दमटपणा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो, त्याने आंबा पिकतो. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही असतात. 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांत सरळ बंदी आहे. पुरले तेच योग्य.

गाळेकरी: वाटा असं मीही म्हणणार नाही. पण जप्तीला अधिकाऱ्याचा संशय पुरतो आणि नमुन्याच्या अहवालाला 14 दिवस. तयार आंबा थांबतो का तेवढा? माझ्या मेहुण्याचा माल असाच अडकला. अहवालात काही निघालं नाही, पण तोवर पेट्यांतून पाणी गळत होतं. एक रुपया मिळाला नाही.

आढीवाला: 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं कलम 39 वाचा. त्रास द्यायला जप्ती केली तर अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे.

गाळेकरी: पुढची ओळही वाचा. तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारालाच किमान 50 हजार. कोण जाणार भांडायला?

कातळावरचा: कार्बाइडचं सोडा. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरतात, तो कधी जप्त होतो? 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे नावावर हक्क, मिळालं, तरी आमच्या बागेचा भाव तेच पाडतात.

धारवाडी: आमच्या आंब्याला चोर का ठरवता? आम्ही धारवाड हापूस म्हणूनच विकतो. पेटी बदलतो तो तुमचाच दलाल.

कातळावरचा: दलाल कुणाचाही असो, फवारणीचं कर्ज माझ्या डोक्यावर आहे!

धारवाडी: कर्ज मलाही आहे. शिव्या मात्र आम्हालाच.

आढीवाला: अहो, धागा कशावर आहे? गाळेकरी, 14 दिवसांचं तुमचं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. नासणाऱ्या मालाचा अहवाल दोन दिवसांत यायलाच हवा. पण पुडी डोळ्यांसमोर सापडली तर कसला अहवाल? आमची आई पेंढ्याच्या आढीत रोज हात घालून बघायची, आठ-दहा दिवस. तेवढा धीर नसेल तर फळं पिकवणाऱ्या इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100) परवानगी आहे.

गाळेकरी: इथिलीनची खोली बांधायला पैसा लागतो, छोट्या गाळ्याला झेपत नाही. पुडीवाल्याची बाजू मी घेत नाही, त्याचा माल पुराच. मेहुण्याच्या पेटीत पुडी नव्हती, एवढंच सांगतोय.