पावसाळ्यात प्रिंट लगेच फ्रेम करू नका

इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल फोटो रंगीत शाया मिसळून छापला की हिरवट-जांभळट छटा येते; फक्त काळ्या शाईत छापलं की ती जाते, हे बरोबर. पण काळी शाई एकच असेल तर गालावर, आभाळात अशा फिकट भागांत ठिपके विरळ पडतात आणि दाणे दिसतात. काळ्यासोबत दोन करड्या शाया असलेला प्रिंटर असेल तर एप्सनच्या अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडसारखी सोय वापरा. त्यात रंगीत शाई नावापुरतीच लागते.

प्रिंट सुकवण्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आमच्या खानापूरच्या घरी आज्जीच्या वर्षश्राद्धाला तिचा जुना फोटो स्कॅन करून लस्टर (किंचित चमकदार) फोटो कागदावर छापला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. हाताला कोरडा लागला म्हणून त्याच रात्री काचेखाली घातला. आठवड्यात काचेच्या आतून धुकं धरलं, नेमकं पदराच्या गडद भागासमोर. बुरशी वाटून पोटात गोळा आला. काच काढून बोट फिरवलं तर तेलकट! शाईतलं ग्लायकॉल, म्हणजे सावकाश सुकणारा एक द्रव, हळूहळू उडत राहतं, ते काचेवर बसलं होतं. काच पुसली, प्रिंटला काही झालं नव्हतं.

आता छापल्यावर पंधरावीस मिनिटांनी प्रिंटवर साधा झेरॉक्सचा कागद ठेवतो. सकाळी तो ही वाफ शोषून लाटालाटांचा झालेला असतो, मग दुसरा. कागद सपाट राहिला की फ्रेम. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसात बेळगावकडं तीन दिवस धरा. आणि माउंट, म्हणजे प्रिंट आणि काचेमधली पुठ्ठ्याची चौकट, घालाच, प्रिंट काचेला टेकता कामा नये.