मदत हवी आहे : नवी मुंबईच्या गावठाणांतल्या भुतांच्या गोष्टी

नमस्कार मंडळी,
१९७० साली सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) आली आणि भातशेती, मिठागरांवर हळूहळू सेक्टर उभे राहिले. तिथल्या भुतांच्या गोष्टी मात्र म्हाताऱ्या माणसांबरोबरच चालल्यात. घणसोली गावातल्या आमच्या शेजारच्या आजी सांगतात, खाडीच्या बांधावर चकवा लागायचा. माणूस रात्रभर त्याच खाजणात फिरायचा, उजाडलं की गुडघाभर चिखलात उभा आणि गाव समोरच! मला वाटतं, भरतीच्या वेळी कोणी एकट्याने तिकडे जाऊ नये म्हणूनही हे सांगत असावेत.

आगरी-कोळी घरांतल्या कोणी गिऱ्हा (पाण्यातलं भूत), हडळ, मुंजाच्या गोष्टी ऐकल्या असतील तर प्लीज सांगा, शक्यतो सांगणाऱ्याच्या बोलीतच. जागा नेमकी हवी: कुठलं तळं, कुठला पिंपळ, आज तिथे कोणता सेक्टर. ठाण्याजवळचा पारसिकचा रेल्वे बोगदा तर १९१६ पासूनचा, रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या घरी त्याबद्दल काही सांगतात का?

हायवेवर लिफ्ट मागणारी बाई नको, ती सगळीकडे सारखीच असते. राहत्या इमारतींची नावंही नकोत, तिथल्या लोकांना उगाच त्रास होतो.

कोणाचे आजी-आजोबा बोलायला तयार असतील तर मी घरी येऊन रेकॉर्ड करून घेईन.