राख अडली म्हणजे पारा अडला असं नाही

वर एका दादांनी लिहिलंय की कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमणीला राख पकडणारं यंत्र बसवलं की पाऱ्याची चिंता मिटली. हे अर्धंच खरं आहे. भट्टीत कोळशातल्या पाऱ्याची वाफ होते. राखेला चिकटलेला पारा ईएसपीत, म्हणजे त्या राख पकडणाऱ्या यंत्रात अडकतो. क्लोरीनशी जुळलेला पाण्यात विरघळतो, म्हणून एफजीडी, म्हणजे धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा असेल तर तिथं बराचसा उतरतो. उरलेली निव्वळ पाऱ्याची वाफ मात्र सरळ आभाळात जाते. तिला धरायला ब्रोमीन किंवा सक्रिय कार्बनची भुकटी सोडावी लागते. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये चिमणीतून निघणाऱ्या पाऱ्याला मर्यादा घातली ती घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅमची.

पण ईएसपीत अडकलेला पारा जातो कुठं? राखेतच ना! आमचं शेत राखेच्या तलावाला लागून आहे. हिवाळ्यात वारा सुटला की कापूस वेचता वेचता बोटं राखाडी होतात. पावसात तीच राख नाल्यात उतरते. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप करतात आणि लहान मासे खाणाऱ्या मरळीत ते साठत जातं. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त धोका, आणि आमच्याकडं अशक्त बाईला मरळीचाच रस्सा देतात. म्हणून नुसते चिमणीचे आकडे मागू नका. राखेची, नाल्यातल्या गाळाची आणि मरळीची तपासणी मागा. आम्ही येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडतोय.