मदत हवी आहे: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला सरळ हलणारा झोपाळा गोल फिरताना दिसतो

नमस्कार मंडळी,

आई, वय ६८. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, डावा पुढच्या महिन्यात व्हायचाय. उजव्याने चकाचक दिसतंय, भिंत पिवळी नाही पांढरी आहे हे तिला आत्ता कळलं.

पण भलतंच काहीतरी सुरू झालंय. आई झोपाळ्यासमोर खुर्ची टाकून बसते, झोपाळा तिच्यासमोर आडवा हलतो, डावीकडे उजवीकडे. भाचा त्यावर बसला की ही दर झोक्याला पाय वर घेते. उजवीकडून डावीकडे येताना तो अंगावर आल्यासारखा वाटतो आणि परत जाताना लांबून, भिंतीच्या बाजूने जातो म्हणे, बोटाने हवेत लंबगोल काढून दाखवला तिने. आम्ही हसलो (चूक झाली, कबूल). चहा ओततानाही धार कधीकधी बशीत. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन छान झालंय, होईल सवय, पुढचा पेशंट.

असं कुणाला झालंय का? वहम आहे की डोळ्याचंच काही?

संपादन: खाली एका ताईंनी 'पुलफ्रिश इफेक्ट' शोधायला सांगितलं, त्यांचे शंभर वेळा आभार. ज्या डोळ्याला उजेड कमी मिळतो (इथे मोतीबिंदूवाला डावा) त्याचा निरोप मेंदूला किंचित उशिरा पोचतो, काही हजारांश सेकंदच, पण तेवढ्यात झोपाळा पुढे सरकलेला असतो, म्हणजे दोन डोळे तो दोन वेगळ्या जागी दाखवतात आणि मेंदू त्या फरकातून अंतर काढतो, नेहमी काढतो तसंच. काल रात्री दोऱ्याला कुलूप बांधून आडवं हलवलं, दोन्ही डोळे उघडे आणि गॉगलची एकच काच डाव्या डोळ्यावर धरली, तर कुलूप चक्क गोल फिरायला लागलं! काच उजव्यावर नेली की उलटं. आईला बोलावून सांगितलं, तर म्हणाली मग मी काय खोटं बोलत होते?

१९२२ साली हे मांडणाऱ्या कार्ल पुलफ्रिशला स्वतःला एकाच डोळ्याने दिसायचं, त्यामुळे त्याला हे कधी दिसलंच नाही, बिचारा.

आता खरी काळजी रस्त्याची. याच हिशोबाने डावीकडून येऊन समोरून जाणारी गाडी तिला आहे त्यापेक्षा लांब वाटणार, आणि ही एकटी भाजीला जाते. चांगल्या डोळ्यासमोर फिकट काळी काच लावली की दोन्ही डोळे बरोबरीला येतात असं वाचलं. कुणी चष्मेवाल्याकडून तशी काच करून घेतलीये का, किती गडद? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची आहे. आणि दुसरं ऑपरेशन झाल्यावर हे लगेच थांबतं का, तेही ज्यांनी अनुभवलंय त्यांनी सांगा प्लीज. तोवर भाच्याला झोपाळाबंदी आणि भाजी मी आणतोय, जी आईला पसंत पडत नाहीये.