संगणकाचा प्रोसेसरच खराब आहे, हे खात्रीने कसे ठरवावे?

तिलकनगरकर, इंदूर

नमस्कार. मी घरूनच डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, असे. हिवाळ्यापासून माझा संगणक अधूनमधून निळा पडदा दाखवून बंद पडतो आणि त्यावरचा त्रुटीसंदेश दर वेळी निराळा असतो. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ग्राहकाने पाठवलेली छायाचित्रांची मोठी झिप फाईल सेव्हन-झिपने उघडताना सीआरसीची (फाईल शाबूत आहे का, हे पडताळणाऱ्या बेरजेची) चूक दाखवली जाते, आणि तीच फाईल काहीही न बदलता पुन्हा उघडली की व्यवस्थित उघडते. रॅम मेमटेस्ट८६ लावून रात्रभर तपासली, एसएसडी बदलून पाहिली, विंडोजही नव्याने टाकली. दुकानदाराचे म्हणणे, प्रोसेसर कधी खराब होतच नाही. केवळ संशयावरून एवढा महागडा भाग बदलणे मला परवडणार नाही. दोष नेमका कोठे आहे, हे घरच्या घरी ठरवता येईल काय?

जुना हार्डवेअरवाला

प्रोसेसर क्वचितच खराब होतो हे खरे. ‘कधीच नाही’ हे मात्र खरे नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये लिहिले होते की, त्यांच्या दर काही हजार यंत्रांमागे काही कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणनाभाग) असे सापडतात, जे बंद न पडता मधूनच चुकीचे गणित करतात. म्हणून तुमच्या निळ्या पडद्यांपेक्षा ती झिप फाईल मला अधिक बोलकी वाटते.

प्रथम बायोस (संगणक सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंग) मूळ स्थितीत आणा आणि रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी ही सेटिंग बंद करा, कारण वाढीव वेगावर चालणारी रॅम आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर यांचे न जुळणेही हुबेहूब अशीच लक्षणे दाखवते. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम नोंदींमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ शोधा, हार्डवेअरच्या चुका त्या नावाने नोंदल्या जातात. क्रमांक १९ म्हणजे हार्डवेअरची सावरलेली चूक, १८ म्हणजे न सावरता आलेली. त्या नोंदीत प्रोसेसरचा एपीआयसी आयडी, म्हणजे चूक कोणत्या कोअरवर झाली ते सांगणारा क्रमांक, असतो. तो दर वेळी वेगळा असेल तर वीजपुरवठा किंवा बोर्ड तपासावा. पुन्हा पुन्हा तोच येत असेल तर संशय त्या एका कोअरवर जातो.

मग तीच झिप फाईल घेऊन सेव्हन-झिपची चाचणी सुरू करा आणि टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये त्या प्रोसेसची ‘अ‍ॅफिनिटी’ एकाच सीपीयूपुरती ठेवा, म्हणजे ते काम तेवढ्या एकाच कोअरवर चालेल. असे एकेक सीपीयू घेऊन पाहा. रॅम खराब असती, तर कोणत्या कोअरने वाचले याच्याशी तिला काही देणेघेणे नसते. चूक एकाच कोअरवर येत राहिली, तर रॅम जवळजवळ सुटलीच. मात्र एपीआयसी आयडी म्हणजेच टास्क मॅनेजरमधला सीपीयू क्रमांक असे समजू नका, काही प्रोसेसरांत ते क्रमांक मधले वगळून दिलेले असतात. सगळ्या कोअरांवर एकदम भार टाकून निर्धास्त होऊ नका. एकटा कोअर कमाल वेगाने धावतो तेव्हाच काही दोष उघडे पडतात. त्यासाठी एकेका कोअरवर आळीपाळीने भार टाकणारे ‘कोअरसायकलर’ उपयोगी आहे.

आणि प्रोसेसरचे मॉडेल तुम्ही लिहिलेलेच नाही! इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर वाढीव व्होल्टेजमुळे त्यांतील काही झिजत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले आहे. त्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून मिळणाऱ्या, प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या सुधारणा) आले. बायोस अद्ययावत केल्याने पुढची झीज टळते, झालेली भरून निघत नाही. खोक्यातून विकलेल्या अशा प्रोसेसरांची हमी तीनवरून पाच वर्षांची केली आहे.

सुदामानगर

उन्हाचा मुद्दा कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पण प्रोसेसर तापला तर तो आपला वेग कमी करतो, चुकीची उत्तरे देत नाही. शिवाय यांचा त्रास हिवाळ्यातला आहे. पॉवर सप्लाय मात्र कोणाकडून मागून आणून एकदा बदलून पाहावाच, आणि प्रोसेसर काढाल तेव्हा सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात तिरपे धरून पाहावे.

तिलकनगरकर, इंदूर

दोघांचेही आभार. एक्सएमपी बंद करूनही डब्ल्यूएचईएच्या नोंदींमध्ये तोच आयडी येतो आणि सेव्हन-झिपची चूकही एका विशिष्ट सीपीयूवरच येते, बाकीच्यांवर एकदाही नाही. पॉवर सप्लाय बदलून फरक पडला नाही. सिल्व्हर मॉलमधल्या एका ओळखीच्या कारागिराने प्रोसेसर आपल्या बोर्डावर, आपल्या रॅमसह लावून पाहिला, तेथेही तीच चूक आली. प्रोसेसर तुम्ही सांगितलेल्या पिढ्यांपैकी नाही, पण हमीच्या मुदतीत आहे. दावा करण्यापूर्वी काय सांभाळावे?

जुना हार्डवेअरवाला

मग बोर्ड निर्दोष ठरला. प्रोसेसरवरील पेस्ट पुसून धातूच्या झाकणावरचा अनुक्रमांक आणि बॅच क्रमांक यांचे स्वच्छ छायाचित्र काढा. डब्ल्यूएचईएच्या नोंदी आणि सेव्हन-झिपच्या चुकीचे चित्र दाव्यासोबत जोडा, आणि ‘दुसऱ्या बोर्डावरही हाच दोष’ हे वाक्य अगदी वर लिहा, म्हणजे पुन्हा विंडोज टाकायला सांगणार नाहीत. बदली प्रोसेसर येईपर्यंत मोकळ्या सॉकेटवर प्लॅस्टिकचे झाकण बसवून ठेवा. आणि या काळात त्या संगणकावर तयार केलेल्या झिप फाईली छापखान्याला देण्याआधी दुसऱ्या यंत्रावर एकदा उघडून पाहा.