इन द ट्रेन की ऑन द ट्रेन? किस्से टाका

खिडकीवाली:
भाचीच्या वर्कशीटमध्ये 'आय गो टू स्कूल ___ बस' होतं, तिने बाय भरलं, पुढे 'देअर वॉज नो सीट ___ द बस' तिथेही बायच ठोकलं 😄 लगेच गिरगावातल्या आमच्या बाई आठवल्या. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, २००० साली पहिलीपासून झालं त्याआधीची आम्ही मंडळी. इन मार्च, ऑन मंडे, ॲट फाइव्ह ओक्लॉक, पाढ्यांसारखं घोकून घ्यायच्या. तेवढं पक्कं, बाकी सगळं अंदाजपंचे. लिहा तुमचे.

कर्जत स्लो:
आत उभं राहून चालता येतं ते ऑन, बस ट्रेन विमान. वाकून बसावं लागतं ते इन, कार टॅक्सी रिक्षा. आमच्या सरांचा फॉर्म्युला. सकाळच्या फास्टमध्ये चालणं सोडा, श्वास घेता येत नाही तरी ऑनच

पार्लेकर:
आणि दारात लटकलेला?

कर्जत स्लो:
तोच खरा ऑन 😂

आईसाहेब:
मावशीने मुलीचा बायोडाटा टाइप केला, थोरली बहीण 'मॅरीड विथ डॉक्टर'. मुलाचे बाबा रिटायर्ड हेडमास्तर, पत्रिकेचं राहिलं बाजूला, फोनवर आधी हेच, विथ नाही हो, टू. मावशी उसळली, लग्न डॉक्टरशीच झालंय ना, मग? स्थळ फिसकटलं. बरंच झालं, जन्मभर लाल पेन कोण सोसणार

नाइट शिफ्ट:
अंधेरीत कॉल सेंटरला ट्रेनर 'डिस्कस अबाउट' ऐकलं की टेबल आपटायचा, डिस्कसला काही लागत नाही म्हणे, आणि डिस्कशनला मात्र अबाउट चालतं, घ्या. पण खरा राडा बाय आणि टिलचा, आपल्याकडे दोन्हीला पर्यंतच ना. क्लायंटला रिपोर्ट बाय फ्रायडे हवा होता, टीम लीडरने लिहिलं 'वी विल सेंड टिल फ्रायडे', क्लायंटला वाटलं रोज एक येणार. बुधवारी मेल, आजचा कुठाय??

चहाटळ:
बँकेत एक काका ओरडले 'आय ॲम स्टँडिंग हिअर सिन्स वन अवर', मॅनेजर धावत बाहेर. फॉर म्हणाले असते तर आला असता का, शंका आहे

पार्लेकर:
खिडकीवाली, गिरगावात कुठे? आम्ही ठाकूरद्वारला होतो

खिडकीवाली:
अय्या, फणसवाडी! गणपतीत येता का अजून तिकडे? थांबा, कुकर झाला, रात्री बोलू