पडद्याचा फक्त पिवळा पट्टाच फाटतोय, मदत हवी आहे

खिडकीपाशी: पट्ट्यापट्ट्यांचे पडदे आहेत. पिवळा पट्टा नखाने ओढला तरी टरकतो, शेजारचा निळा एकदम धड. रंग उडालेला नाही. दुकानदार म्हणतो, ब्लीच घातलं असणार. घातलेलं नाही. उद्या नव्या पडद्यांचं माप घ्यायला माणूस येतोय, त्याआधी कारण सांगा आणि कुठलं कापड घेऊ तेही.

सूतपुराण: कापड कसलं? खिडकी कुठल्या दिशेला? खालची दुमड उसवा आणि आत दडलेला पिवळा ओढून बघा.

आजीचा_बटवा: मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवा, रंग पक्का होतो.

सूतपुराण: अहो, रंग जातच नाहीये, धागा जातोय!

खिडकीपाशी: सुतीच, हातमागाचं. पश्चिमेची खिडकी, दुपारनंतर सगळं ऊन आत. दुमडीतला पिवळा पक्का आहे. मग?

हायड्रो_कॉस्टिक: मग ब्लीच बाद. ब्लीच दुमडीतही शिरलं असतं. हा उन्हाचा आणि रंगाचा मिळून उद्योग आहे. व्हॅट रंग म्हणजे पाण्यात न विरघळणारे, रसायनाने विरघळवून सुतात चढवलेले पक्के रंग. त्यांतले काही पिवळे-नारिंगी जांभळा-निळा उजेड आणि अतिनील किरण शोषतात आणि ती ऊर्जा सेल्युलोजवर, म्हणजे सूत ज्याचं बनतं त्या लांब साखळ्यांवर, काढतात. रंगाचा रेणू धाग्यातला हायड्रोजन खेचतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला देतो आणि स्वतः पूर्ववत होतो. म्हणून पट्टा पिवळाधमक दिसतो आणि आतली साखळी तुटत जाते. या घडामोडीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, ते शेजारच्या न रंगवलेल्या सुतालाही थोडं खातं. दमट हवेत हे सगळं जोरात. निळे-हिरवे व्हॅट रंग सहसा असं करत नाहीत.

खात्री करायची तर १०० मिली पाण्यात अर्धा ग्रॅम कॉस्टिक सोडा, अर्धा ग्रॅम हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट), ५०-६० अंशांपर्यंत कोमट. दोन-चार पिवळे धागे बुडवा. रंग बदलला आणि हवेत काढल्यावर परत आला तर व्हॅट. काही पिवळे तर चक्क निळे होतात. रंग गेला तो आलाच नाही, तर बहुधा ॲझो, म्हणजे वेगळ्या जातीचा रंग. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

रंगारी_कुर्ला: एवढी रसायनं कशाला? मुंबईच्या हवेत सल्फर ब्लॅक, म्हणजे गंधकयुक्त काळ्या रंगाचं सूत, आधी कुजतं. ऊन नको की काही नको, नुसत्या साठवणीत गंधकाम्ल तयार होतं. पीएच कागद ओला करून दाबा, ४च्या खाली गेला की आम्ल झालंय समजा.

खिडकीपाशी: काळा पट्टा नाहीच आहे.

रंगारी_कुर्ला: नसेल. इतरांना उपयोग होईल. रंगवल्यावर सोडियम ॲसिटेटचं पाणी दिलं की त्रास कमी होतो.

काचफिल्म: काचेवर यूव्ही फिल्म चिकटवा, प्रश्न मिटला. साधी काच ३२० नॅनोमीटरच्या वरचं बहुतेक आत सोडते.

हायड्रो_कॉस्टिक: मिटला नाही, कमी झाला. पिवळा रंग दिसणारा निळा-जांभळा उजेडही शोषतो, आणि पारदर्शक फिल्म तो अडवत नाही.

काचफिल्म: रंगीत फिल्म लावा मग.

हायड्रो_कॉस्टिक: आणि दिवसा दिवे लावून बसा.

सूतपुराण: भांडा नंतर. माप उद्या आहे, म्हणून कामाचं सांगतो. फाटलेल्या पट्ट्याची ताकद परत येत नाही, खळ-स्टार्चने फक्त कडक होतो. नवीन घेताना 'लाइटफास्टनेस ७' ऐकून हुरळू नका. ८ पैकी मिळणारा तो आकडा रंग किती टिकतो ते सांगतो, धाग्याची ताकद नाही. मोठी खरेदी असेल तर घाटकोपरच्या बीट्रासारख्या कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत विचारा, पण ऊन दाखवण्याआधीची आणि नंतरची कापडाच्या पट्टीची ताकद मोजून मागा. नुसता रंग तपासून घेऊ नका. सरळ मार्ग म्हणजे सूत तयार होतानाच रंगवलेलं पॉलिस्टर, काचेमागे ते चांगलं टिकतं.

खिडकीपाशी: पॉलिस्टर नको. सुतीच सांगा.

सूतपुराण: मग निळा-हिरवा पडदा आणि खिडकीकडून पांढरं सुती अस्तर. अस्तर वरच्या पट्टीला हुकांनी अडकवा, खाली शिवू नका. ऊन तेच खाणार, चिंध्या झाल्या की तेवढंच बदला.

खिडकीपाशी: अस्तर किती रुंद?

सूतपुराण: रॉडच्या दीडपट पुरे, पडद्याइतक्या चुण्या नकोत. आधी एक धुणं काढून मग कापायला द्या, कोरं सुती आटतं आणि वर चढतं.

आजीचा_बटवा: रेशमी साड्यांनाही असंच होतं का?